दोन्ही हात वर

६ मार्च

चि. खारुताईस,

तुझं पत्र मिळालं. तिकडे वर, तुमच्या गिर्यारोहणाच्या तळावर, टपालाचा ट्रक आठवड्यातून एकदाच येतो हे वाचून बरं वाटलं. म्हणजे रोज वाट बघायला नको.

'दारामागच्या खुंटीवर माझं विटकरी जॅकेट राहिलंय, ते पाठवा', असं लिहिलंस. राहिलंय. सुखरूप आहे. लगेच पाठवत नाही, कारण पार्सल ऑफिसात सध्या गर्दी असते.

कोर्टात सह्या झाल्या त्याच आठवड्यात तुझं बाकीचं सामान गेलं. दोर, बूट, ती कड्यांची माळ. तेवढं एक जॅकेट राहिलं. आमचे चिरंजीव म्हणाले, दार उघडं होतं, खुंटी मागे गेली, तिला दिसलं नसेल. घटस्फोट झाल्यावर तो तुझी बाजू घ्यायला शिकला.

पत्राच्या सुरुवातीला तू 'काकू' लिहिलंस. आधी 'आई' लिहायचीस. माझी हरकत नाही. गल्लीत मला काकू म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यात तुझी भर.

एक सहज विचारते. त्या जॅकेटला आतून खिसा नव्हता. म्हणजे नाही. असता तर तुला आवडला असता का? गोळ्या, किल्ली, असलं काहीबाही ठेवायला. कळव.

जेवत जा.

टेलरकाकू


१७ मार्च

चि. खारुताईस,

'खिसा नको, आहे तसं पाठवा', हे तुझं उत्तर मिळालं. आहे तसं म्हणजे आत्ता आहे तसं, की तू गेलीस तेव्हा होतं तसं? मोघम लिहू नये.

माझ्या एका गिऱ्हाइकाची अडचण आहे. तुला त्यातलं कळतं म्हणून विचारते. समज, एका बाईने डोंगरावर घालायच्या जॅकेटला आतून खिसा लावला. चांगला लावला, दुहेरी टीप मारून, कोपरे पक्के करून. खिसा जन्मात उसवणार नाही. तर पावसात त्याचं काय होईल?

चिरंजीवांना सर्दी झाली आहे. शॉवरखाली जरा जास्त वेळ उभे राहिले. कपड्यांसकट. बाहेर आले तेव्हा शर्ट कोरडा होता, फक्त छातीवर एक ओला चौकोन उमटला होता. चारही कोपरे काटकोनात. टीप कुठे वाकडी गेली नव्हती, तेवढंच समाधान.

तो शिंकत म्हणाला, "आई, तुझा मुलगा मी आहे."

म्हटलं, "माहीत आहे. म्हणून तर शॉवरखाली तू आहेस, ती नाही."

गिऱ्हाईक काळजीत आहे. लवकर कळव.

टेलरकाकू


२८ मार्च

चि. खारुताईस,

गिऱ्हाइकाला तुझा निरोप दिला. 'सुईचं प्रत्येक भोक म्हणजे एक नळ.' तिला रोज हजारो भोकं पाडायची सवय आहे. कपड्यात सुई घातली की तो कपडा सुधारतो, असंच ती आजवर समजत आली.

तिने टिपेवर मेणबत्ती घासून पाहिली. चिरंजीव पुन्हा शॉवरखाली गेले. चौकोन आला, पण उशिरा आला. मग डिंकासारखं काहीतरी फासलं. आता चौकोन येतो आणि शर्टाला चिकटतोही. टीप उसवावी तर भोकं राहतातच. कापडाला विसरता येत नाही.

तुमची तुकडी मे महिन्याच्या मध्यावर निघणार, दुसऱ्या तळाच्या वर वारा आणि बर्फाळ पाऊस एकदमच येतात, आणि तिथे माणूस एकदा आतून ओला झाला की परत कोरडा होत नाही, असं तू लिहिलंस. बाकी पत्र मी एकदा वाचलं. हे वाक्य जास्त वेळा.

आता एक काम कर. का म्हणून विचारू नकोस. एक दोरी घे. जाड स्वेटर घालून खांद्यापासून खांद्यापर्यंत धर, गाठ मार. मग मानेच्या हाडापासून मनगटापर्यंत, कोपर वाकवून, गाठ. छातीभोवती, गाठ. मानेपासून खाली बसायच्या जागेपर्यंत, गाठ. आणि दोरी पाकिटात घालून पाठव. माझ्याकडे तुझी जुनी मापं आहेत, पण मी जुन्या मापावर कुणाचाही कपडा करत नाही. माणूस बदलतो. माझं म्हणणं एवढंच की शिंप्याला तरी ते कळवावं.

उगाच मागते आहे. मापं अद्ययावत असावीत म्हणून.

टेलरकाकू


९ एप्रिल

चि. खारुताईस,

दोरी मिळाली. तुझी गिर्यारोहणाचीच निघाली. त्या गाठी चपट्या करून टेप लावायला चिरंजीवांची पक्कड लागली. पुढच्या वेळी साध्या गाठी मार, मी काही दोरीला लटकणार नाही.

खांदे रुंदावलेत. छाती वाढली आहे. पण कंबर गेली कुठे? कंबर मी मागितली नव्हती, तरी तू गाठ मारून पाठवलीस. बरं झालं. जेवत जा असं मी मुद्दाम लिहिते, पत्र भरायला नाही.

खरोखरच का म्हणून विचारलं नाहीस. इतकी शहाणी नव्हतीस तू.

बाजाराच्या टोकाला गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान आहे. तिथे सहज डोकावले. चिरंजीव सोबत होते, कारण तुझ्या खांद्यांच्या जवळपास येणारे घरात तेच आहेत. विक्रेता पोरसवदा, दाढीवाला, प्रत्येक वाक्यात काकू. म्हणाला, "काकू, साइज कोणता? एस, एम की एल?"

मी दोरी काढली. म्हटलं, "माणूस तीन अक्षरांत मावत नाही. टेप आण."

त्याने पहिलं जॅकेट दाखवलं. जाड, रबरासारखं. पाणी आत येणार नाही याची त्याला खात्री होती. मला होती की घाम बाहेरही जाणार नाही. चिरंजीवांना घालायला लावलं आणि दुकानाच्या जिन्यावर वरखाली करायला सांगितलं. त्यांना उंचीचं वावडं, तुला माहीत आहे, स्टुलावर चढले तरी भिंत धरतात. कठडा धरून गेले, कठडा धरून आले. जॅकेट काढलं तेव्हा शॉवरखाली झाले नव्हते इतके ओले होते.

दुसरं होतं मुठीत मावणारं. कांद्याच्या सालीसारखं. विक्रेता म्हणाला, "वजनच नाही, काकू." मी म्हटलं, "खडकाला घासलं की कापडही राहणार नाही." खडक मी पाहिलेला नाही. पण कापड कुठे फाटतं ते मला खडकापेक्षा जास्त माहीत आहे.

तिसऱ्याचं पुढच्या पत्रात लिहिते. गिऱ्हाईक आलं आहे. खरं गिऱ्हाईक.

टेलरकाकू


१३ एप्रिल

चि. खारुताईस,

तिसरं जॅकेट. तीन थर एकात एक चिकटवलेले. वर कापड, मध्ये एक पापुद्रा, आत मऊ अस्तर. विक्रेता म्हणाला, "काकू, हे श्वास घेतं."

"श्वास घेतं, मग पाणी का घेत नाही?"

"त्याची भोकं इतकी बारीक की वाफ बाहेर जाते, थेंब आत येत नाही."

माझ्या सुईचं भोक त्या मानाने महादरवाजा. हे मी त्याला सांगितलं नाही.

मी जॅकेट उलटं केलं. कपडा आधी उलटा बघावा, सुलट बाजू कुणीही चांगली करतं. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली होती, एकही टाका उघडा नाही. कुठल्या कारखान्यात कुणी केलं माहीत नाही, पण त्या बाईला माझ्याकडे कामाला ठेवली असती.

मग बगलेत हात घातला, तर चेन. बगलेत चेन. गरम झालं की उघडायची, वारा खेळतो. आयुष्यभर मी लोकांच्या बगला घामाने सडताना पाहिल्या, पदर लावून दिले, ठिगळं लावून दिली. चेन लावावी हे सुचलं नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

खिसे फार वर आहेत असं मी म्हणाले. विक्रेता म्हणाला, कमरेला दोराचा पट्टा येतो, खाली असते तर त्याच्याखाली दबले असते. पटलं. टोपी हेल्मेटवरून बसते का ते बघायचं होतं. चिरंजीवांना हेल्मेट घातलं, वरून टोपी ओढली, दोरी आवळली. छान बसली. काढता येईना. दुकानात आलेल्या एका माणसाने त्यांना आदराने विचारलं, "यंदा कुठलं शिखर?"

आतून आवाज आला, "मी जात नाही. मी फक्त ओला होतो."

शेवटची परीक्षा माझी. माझ्या दुकानातून दोन्ही हात वर करून दाखवल्याशिवाय कुणी कपडा नेत नाही. शाळेचा गणवेश असो की कोट. हात वर केल्यावर खालचा काठ वर सरकला, तर कपडा परत मशीनवर. तुझी आणि माझी ओळखच तशी झाली. तू शर्ट घ्यायला आलीस, मी म्हटलं हात वर कर, तर तू दरवाजाची चौकट धरून लोंबकळलीस आणि खाली बघत म्हणालीस, "काठ सरकला का?" तेव्हाच मी तुला खारुताई म्हणाले. चिरंजीव तेव्हा आतल्या खोलीत झोपले होते. तुला आधी मी पाहिलं, त्याने नंतर. हे कोर्टात कुणी विचारलं नाही.

चिरंजीवांनी दुकानात हात वर केले. काठ हलला नाही.

रंगावरून अडलं. मला विटकरी हवा होता. का ते विचारू नकोस. विक्रेता म्हणाला, "विटकरी नाही, काकू, नारिंगी घ्या. बर्फात सापडायला सोपं."

"कुणाला सापडायला?"

"म्हणजे तसंच आपलं. बचाव पथकाला."

मी तिथल्या स्टुलावर बसले. त्याने पाणी आणलं. चिरंजीव हेल्मेटमध्येच होते, त्यांना ऐकू आलं की नाही माहीत नाही. पण तेच म्हणाले, "नारिंगी द्या."

मी फक्त बघायला गेले होते. तरी तुला कळवलं.

टेलरकाकू


२४ एप्रिल

चि. खारुताईस,

पार्सल ऑफिसातली गर्दी ओसरली. तुझं जुनं जॅकेट आज पाठवलं आहे.

धुतल्यामुळे त्यात थोडा फरक जाणवेल. विटकरी रंग उजळून नारिंगीकडे झुकला आहे. जुने कपडे चांगल्या साबणाने धुतले की असं होतं. खिसेही थोडे वर सरकलेत. बगलेत चेन आली आहे.

त्याला सुई लावलेली नाही. खिसा नाही, नाव नाही, काही नाही. तुझ्या नावाचं एक लहानसं अक्षर आतल्या बाजूला भरावं असं मनात आलं होतं. चिरंजीवांनी सुयांचा डबा कपाटात कुलपात घातला आणि पार्सल जाईपर्यंत किल्ली स्वतःकडे ठेवली. दोन फ्रॉक खोळंबले.

आता तुझं इथे काही राहिलेलं नाही. खुंटी मोकळी आहे. म्हणजे लिहायचंही काही उरलं नाही असं धरायला हरकत नाही. पोचल्याचं तेवढं कळव.

जेवत जा.

टेलरकाकू


९ मे

चि. खारुताईस,

'धुण्याने बगलेत चेन आलेली मी पहिल्यांदाच पाहिली', असं लिहिलंस. बरं. हसून घे.

खिसा मीच लावला. तू गेल्यावर एकदा जॅकेट खुंटीवरून काढलं, परत ठेवलं, परत काढलं. हाताला काहीतरी काम हवं होतं. शिंप्याच्या हाताला एकच काम येतं. तुझ्या गोळ्या नेहमी हरवतात हेही खरंच.

पहिल्या पत्रापासून तुला कळलं होतं, असं म्हणतेस. मग मला इतके दिवस ते गिऱ्हाईक सांभाळायला का लावलंस? मी त्या बाईला चेहरा दिला होता, नवरा दिला होता. शेजारीण तिची चौकशी करू लागली होती.

'नवं मी घालते, जुनं तिथेच खुंटीवर राहू द्या, खाली आले की बाजारात जायला लागेल.' हे तू मनापासून लिहिलंस, की मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस, हे कळायला मार्ग नाही. जॅकेट मात्र खुंटीवर परत लावलं आहे. ते लावताना चिरंजीव बघत होते. म्हणाले, "बाजारात छत्री न्यावी लागेल तिला." मी म्हटलं, "चौकोनापुरती."

सगळं पत्र नीट होतं. सुरुवात तेवढी अजून 'काकू'.

तुम्ही आता निघणार. यापुढे टपाल पोचणार नाही हे ठाऊक आहे. तरी हे पत्र टाकते, उतरल्यावर मिळेल. वर बगलेतली चेन उघडलीस तर बंद करायला विसरू नकोस.

टेलरकाकू


२ जून

चि. खारुताईस,

हे पत्र तुझ्या तळावर पडून राहणार. लिहायचं तर आहे.

पेपरात एका ओळीत आलं आहे की वरच्या उतारांवर वादळ आहे आणि तुकड्या तंबूंत थांबल्या आहेत. कुठली तुकडी ते दिलेलं नाही. पेपरवाल्यांनाही मोघम लिहायची सवय.

काल दुपारी एका कोटाच्या दोन्ही बाह्या मी डाव्या बाजूच्या कापल्या. आजवर असं झालं नव्हतं. गिऱ्हाइकाला सांगितलं, कापड कमी पडलं. त्याने नवं कापड आणून दिलं. त्यातूनही एक डावी झाली.

तो दाढीवाला विक्रेता दुकान बंद करून इकडे आला होता. म्हणाला, "काकू, जॅकेटबद्दल काही कळलं का?" जॅकेटबद्दल. मी त्याला चहा दिला. त्याने ते जॅकेट कुठल्या वाऱ्यात, कुठल्या पावसात तपासलेलं असतं ते सगळं सांगितलं. मी म्हटलं, "ते माणसाला घालून तपासतात का?" तो म्हणाला, पुतळ्याला.

चिरंजीव संध्याकाळी न्हाणीघरातून आले तर अंगात तुझं जुनं जॅकेट, चिंब. मी काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, "हे काय?"

म्हणाला, "गार पाण्यात किती वेळ उभं राहता येतं ते बघत होतो."

"किती वेळ?"

"फार नाही."

मी त्याचं डोकं पुसलं. लहानपणी पुसायचे तसं. जॅकेट वाळत घातलं आहे. खिसा तेवढा अजून ओला आहे.

टेलरकाकू


१९ जून

चि. खारुताईस,

फोटो आज आला.

ट्रक घसरून टपाल अडकलं होतं, असं पाकिटावरच्या चिठ्ठीत पोस्टमास्तरांनी लिहिलं आहे. आम्ही इकडे कोट कापत होतो.

पाकीट चिरंजीवांनी फोडलं. माझे हात खडूने भरले होते. त्यांनी फोटो बघितला, मला दिला आणि आत जाऊन सुयांचा डबा शोधायला लागले. डबा मशीनवरच होता, त्यांच्या समोर.

चारजण आहात. तिघांनी हातात काहीबाही धरलंय, कुणी कुऱ्हाड, कुणी झेंडा. तू एकटीच रिकाम्या हातांनी उभी. दोन्ही हात सरळ वर. आभाळ काळं आहे आणि तू नारिंगी. शेजारीण म्हणाली, केवढा आनंद झालाय बघा पोरीला, हात कसे उंचावलेत. मी तिला काही सांगितलं नाही.

मग फोटो उलटा केला. मागच्या बाजूला तुझं एवढंच. 'आई, खालचा काठ बघा.'

ते वाक्य मी चिरंजीवांना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणाले, "तुला लिहिलंय." म्हटलं, "मला दिसतंय कुणाला लिहिलंय ते."

काठ बघितला. भिंग लावून बघितला. जागचा हलला नाही.

विक्रेत्याला फोटो दाखवला, त्याला दुकानात लावायचा होता. दिला नाही. तो खुंटीच्या वर लावला आहे, जॅकेटच्या डोक्यावर. दार बंद केलं की दिसतो. दार आता बंदच असतं.

फक्त एक. पँट कुणी शिवली आहे ती? गुडघ्यावर चुण्या, मागे झोळ, आणि तू हात वर केलेस तर ती कमरेतून खाली आली आहे. एवढ्या उंचीवर असली पँट घालून गेलीस, लाज वाटली नाही का. दोरी सोबत पाठवते आहे. कंबर, पायाची लांबी, गुडघा वाकवून एक गाठ. साध्या गाठी मार.

सुई लावणार नाही. आधी विचारीन.

आई